तुंबाडचा पाऊस

चित्रपटगृहात जाण्याची मला सवय नाही. नोकरीची बावीस वर्षे आखातात गेली. तिथे जुम्मेरातच्या रात्री खोलीतले सगळे मिळून टीव्हीवर जे लागेल ते बघायचो, तेवढाच काय तो सिनेमा. मुंब्र्याला परत आल्यावर तेही सुटले. त्यामुळे 2024 च्या सप्टेंबरमध्ये धाकटा मुलगा म्हणाला, “अब्बा, आपल्या खेडवर पिक्चर लागलाय, चला,” तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मग नाव विचारले. तो म्हणाला, “तुंबाड.”

तुंबाड हे आमच्या खेड तालुक्यातले, जगबुडी नदीच्या काठचे गाव. आमचे गावही त्याच खाडीच्या आसऱ्याने वसलेले. मराठी वाचणाऱ्यांना हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या 1987 च्या दोन खंडांच्या कादंबरीमुळे ठाऊक आहे. मला वाटले, त्याच खोतांची गोष्ट असेल. आपली नदी आणि आपली कौले पडद्यावर दिसतील. इशा पढून आम्ही ठाण्याला रात्रीच्या खेळाला गेलो.

तिकीट दाखवताना मुलगा म्हणाला, “फक्त प्रौढांसाठी आहे, पण तुम्हाला सोडतील.” हे मी थट्टा म्हणून सांगत नाही. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र आहे आणि त्यात अंगावर काटा आणणारी दृश्ये आहेत, तशी घरच्यांसोबत पाहण्याजोगी नसलेलीही काही आहेत. घरातल्या लहानांना घेऊन जाऊ नये, हे आधीच सांगितलेले बरे.

अंधार झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच माझा गोंधळ उडाला. कुठले खोत आणि कुठले काय! एक आवाज सांगू लागला की समृद्धीची एक देवी आहे, तिचा पहिला मुलगा हस्तर हा सोन्याचा आणि धान्याचा लोभी. सोने त्याने मिळवले, पण धान्याला हात घालताना तो पकडला गेला. आईने त्याला वाचवले, पण एका अटीवर. त्याची कधी पूजा होणार नाही आणि जग त्याला विसरेल. तुंबाडच्या लोकांनी मात्र लोभापायी त्याचे देऊळ बांधले, म्हणून त्या गावावर न थांबणारा पाऊस लागला. मी मुलाच्या कानाशी लागलो, “हे हिंदूंच्या कुठल्या ग्रंथात आहे का रे?” तो हळूच म्हणाला, “कुठेच नाही अब्बा. हस्तर बनवलेला आहे.” मला बरे वाटले. कोणाच्या श्रद्धेची चेष्टा बघायला आपण बसलेलो नाही, एवढे तरी कळले.

पुढेही सरळ काही नव्हते. साल 1918. पावसात भिजलेला एक पडका वाडा. एका घरात कोंडून, साखळीने बांधून ठेवलेली म्हातारी. ती माणूस आहे की आणखी काही, हेच कळेना. तिला झोपवायला हस्तरचे नाव घ्यायचे. दोन लहान भाऊ, त्यातला एक मरतो. आई दुसऱ्याला, विनायकला, घेऊन पुण्याला निघून जाते आणि पुन्हा तुंबाडला पाऊल ठेवणार नाहीस असे वचन घेते. मग एकदम पंधरा वर्षे उलटतात. विनायक मोठा होऊन परत येतो, तर म्हातारी अजून जिवंतच, आणि तिच्या अंगातून झाड उगवलेले! माझ्या पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरे ओरडली. मी मनातल्या मनात लाहौल पढलो.

वाड्याच्या पोटात एक विहीर आहे. विनायक दोराने खाली उतरतो. खाली पाणी नाही. तिथे लाल, ओल्या, मांसासारख्या भिंती आहेत, जणू कोणाच्या पोटात शिरलो आहोत. तो पिठाचे रिंगण काढतो, मध्ये बसतो आणि कणकेची एक बाहुली पुढे करतो. भुकेला हस्तर येतो. तो बाहुली खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटात हात घालून जेवढ्या सोन्याच्या मुद्रा हाताला लागतील तेवढ्या घ्यायच्या आणि जीव घेऊन वर चढायचे. हस्तरचा हात लागला की संपले. मरणही येणार नाही आणि जगणेही राहणार नाही, त्या म्हातारीसारखे.

मध्यंतरात मुलाने सामोसे आणले. मी म्हटले, “मला काही पत्ता लागत नाही. एवढा धोका पत्करून माणूस चार मुद्रा आणतो, त्या पुण्यात विकून चैन करतो, संपल्या की पुन्हा येतो. पुरे का करत नाही?”

मुलगा म्हणाला, “अब्बा, तोच तर पिक्चर आहे.”

मध्यंतरानंतर मी गोंधळ सोडवायचा नाद सोडला आणि नुसता बघत राहिलो. तेव्हा एक गोष्ट दिसू लागली. विनायकला आता एक मुलगा आहे, पांडुरंग. पायाने अधू, पण हुशार. बाप त्याच्याकडून सराव करून घेतो. दोराने उतरायचे कसे, हात कधी घालायचा, वर कसे यायचे. पोरगा मनापासून शिकतो, कारण बापाने शाबासकी द्यावी एवढीच त्याची इच्छा. पुढे तर बापालाही न सुचलेली युक्ती त्यालाच सुचते. एका बाहुलीऐवजी पुष्कळ नेल्या, तर सगळा लंगोटच हाती लागेल. सोनेही वाईट असेल, हस्तरही वाईट असेल, पण मला भीती वाटली ती त्या शिकवणीची. एवढ्या प्रेमाने बाप पोराला काय शिकवत होता!

शेवट असा की पुष्कळ बाहुल्या नेल्या तर हस्तरही पुष्कळ निघाले. मुलाला वाचवायला बाप सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो. वर येतो तेव्हा तो माणूस राहिलेला नसतो. त्या अवस्थेतही तो मुलापुढे लंगोट धरतो, घे म्हणतो. पोरगा रडतो आणि नाही म्हणतो.

दिवे लागले. माझ्या शेजारचे जोडपे आपसात म्हणत होते, “समजलं का काही?” मला सगळे समजले होते असे नाही. पण जे समजले, त्याने मी जागचा उठलो नाही.

येताना रिक्षात मुलाने बरीच माहिती सांगितली. हा चित्रपट आधी 12 ऑक्टोबर 2018 ला आला होता. तेव्हा थोड्याच लोकांनी पाहिला. नंतर तोंडोतोंडी नाव झाले, म्हणून 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा लावला आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त चालला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ‘हमीदाबाईची कोठी’ हे नाटक लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे हे चिरंजीव. चित्रीकरण 2012 मध्ये सुरू झाले, पडद्यावर यायला सहा वर्षे लागली. पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्याची वाट बघत काम केले. पेंडशांच्या कादंबरीतून फक्त गावाचे नाव घेतले, कथा निराळी.

मी ऐकत होतो आणि नव्हतोही. कौसा आले तेव्हा मुलगा म्हणाला, “शेवटी पोराने नको म्हटलं, ते मला आवडलं.” एवढे बोलून तो खिडकीबाहेर बघू लागला. मीही काही बोललो नाही. आम्हा दोघांनाही माहीत होते की माझ्या कपाटात एक फाइल आहे.

त्या फाइलविषयी सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

गावी आमची 60 गुंठ्यांची वाडी आहे. हापूसची कलमे, नारळ आणि जांभ्या दगडाचे जुने घर. वाडी माझ्या दादांची. दादी त्यांच्या आधी गेल्या होत्या. दादांना एक मुलगा, म्हणजे माझे मरहूम अब्बा, आणि एक मुलगी, माझी फुफू. मी सतरा वर्षांचा असताना एके दिवशी अब्बा मला बरोबर घेऊन फुफूच्या सासरी गेले. हातात एक चांगले लुगडे, मिठाईचा पुडा आणि स्टॅम्प पेपर. जेवणे झाल्यावर अब्बांनी कागद काढला. हक्कसोडपत्र. फुफूने वाचायला मागितले नाही, तिला वाचता येतही नव्हते. तिने अंगठा दिला. परतताना अब्बा मला म्हणाले, “बहिणींशी नातं चांगलं ठेवावं, मग त्या हिस्सा मागत नाहीत.” मी ते शहाणपण म्हणून ऐकले आणि जपून ठेवले. अब्बा वाईट नव्हते. पाच वक्तचे नमाजी होते, दारावरून कोणाला रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही. अल्लाह त्यांची मगफिरत करो. पण त्या दिवशी त्यांनी मला उतरायचे कसे, हात कधी घालायचा आणि वर कसे यायचे, हे शिकवले.

अब्बा गेल्यावर मीही तेच करायला निघालो होतो. मला दोन बहिणी. महामार्ग रुंद होतोय, जमिनीला भाव आलाय, एक जण वाडी मागतोय. बहिणींसाठी दोन हक्कसोडपत्रे तयार होती आणि ती माझ्या याच मुलाने कॉम्प्युटरवर टाइप करून दिली होती. “आत्यांना साड्या कुठल्या घ्यायच्या?” असेही त्याने विचारले होते. पांडुरंगासारखाच मनापासून शिकत होता.

आठवड्याने मी गावी निघालो. मुलगा म्हणाला, “मी येतो, तुंबाड बघू.” पहाटे दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची पॅसेंजर पकडली. आमच्या लोकांची ही गाडी. डब्यात कोणाच्या मांडीवर डबा, कोणाच्या पायाशी गावाला न्यायचा मिक्सर. रोह्यानंतर कोकण रेल्वे सुरू होते. वीर, करंजाडी गेले की डोंगर जवळ येतात आणि बोगदे लागतात. त्यातला नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरहून लांब. अंधारात डबा गप्प होतो, ओल्या दगडाचा वास येतो, आणि बाहेर पडले की एकदम हिरवे. पिकायला आलेली भातशेते, तेरड्याची फुले, वहाळांना पाणी. मुलगा हसून म्हणाला, “अब्बा, विहिरीतून वर आलो.”

खेडला उतरून रिक्षा केली. जगबुडी खेडच्या बाजारालगत वाहते. पावसाळ्यात फुगली की बाजारात शिरते, हे खेडकरांना दरवर्षीचेच. खेडच्या खाली नदीची खाडी होते. भरतीचे पाणी इथवर चढते, आणि पुढे ती वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या समुद्राला जाते. या पात्रात मगरी आहेत. उन्हाला काठावर येऊन ओंडक्यासारख्या पडून राहतात. लहानपणी आम्हाला म्हाताऱ्या बायका पाण्याकडे जाऊ नका म्हणून मगरीचे भय घालायच्या. पडद्यावर हस्तरचे नाव घेऊन म्हातारीला झोपवतात, तेव्हा मला तीच आठवण झाली होती.

तुंबाडला पोचलो तेव्हा पाऊस नव्हता. ऊन पडले होते! मुलाची जरा निराशाच झाली. न थांबणारा पाऊस, काळा वाडा, यातले काही नाही. भाताची खाचरे, आंब्या-फणसाची झाडे, कौलारू घरे, त्यांत काही स्लॅबची, गड्याचे दोन शब्द आणि कुत्र्याचे भुंकणे. बरीच घरे कुलूपबंद, कारण माणसे मुंबईला. आमच्या मोहल्ल्यात माणसे आखाताला असतात, एवढाच फरक. एका दुकानात चहा घेतला. दुकानदाराला हसू आले. म्हणाला, “वाडा विचारायला आलात ना? पोरं येतात मोटारसायकलवर, वाडा कुठे, खजिना कुठे विचारतात. वाडा इथं नाहीच.” खरेच आहे. पडद्यावरच्या वाड्याचे बरेच चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झाले आहे. खजिन्याचे काय, असे मुलाने विचारले तर तो म्हणाला, “खजिना असता तर मी चहा विकला असता का? आणि असता तर भावाभावांनी एकमेकांना जिवंत ठेवलं असतं का?”

खोतांचा कारभार 1949 च्या कायद्याने गेला. कुळे मालक झाली. तेव्हा एक मोठी हाव कागदावर तरी संपली. लहान लहान हावऱ्या मात्र घराघरांत राहिल्या. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, यापेक्षा कोणाचे नाव नाही, हे बघितले तर गावाचा इतिहास कळतो. त्यात बहिणींची नावे शोधा, क्वचितच सापडतील.

तिथून आम्ही फुफूकडे गेलो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. पडवीत बसून कोलीम निवडत होती. “काय रे, कळवलं नाहीस?” म्हणाली आणि आधी जेवायला वाढायला लावले. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचे कालवण. जेवण झाल्यावर मला अब्बांची ती दुपार आठवली. तेव्हाही जेवणानंतरच कागद निघाला होता. माझ्याकडे कागद नव्हता, नुसतेच तोंड होते आणि तेही उघडेना. शेवटी म्हटले, “फुफू, वाडीतला तुमचा हिस्सा राहिलाय.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “लुगडं चांगलं होतं. हिरवं. पुष्कळ वर्षं नेसले.” थोड्या वेळाने, “तुझ्या बापाला मी तेव्हाच माफ केलं. माफी मागितली असती तर आणखी बरं वाटलं असतं. मला कुणी काही विचारलंच नव्हतं.”

माझा मुलगा खाली मान घालून ऐकत होता.

परतीच्या गाडीत आम्ही बापलेकांनी हिशेब मांडला. सूरह निसामध्ये वारशाचे वाटे स्वच्छ ठरवून दिले आहेत. मुलाला जेवढे, त्याच्या निम्मे मुलीला. दादांच्या 60 गुंठ्यांत अब्बांचे 40, फुफूचे 20. अम्मी अब्बांच्या आधीच अल्लाहच्या घरी गेल्या, म्हणून अब्बांच्या 40 मध्ये माझे 20 आणि दोन्ही बहिणींचे 10-10. म्हणजे जी 60 गुंठ्यांची वाडी मी आपली समजत होतो, तिच्यातला माझा वाटा तिसरा हिस्सा. मुलाने मोबाइलवर पुन्हा एकदा करून पाहिले. तेवढेच आले. गणित पाचवीतले आहे. आमच्या घराला ते दोन पिढ्या आले नाही.

बहीण माफ करते, असे आपण म्हणतो. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या नात्यात हे वाक्य कोणी ऐकले नसेल असे घर सापडणे कठीण. माफ करणे हा तिचा हक्क आहे, यात शंका नाही. पण आधी तिचे तिच्या हातात द्यावे, सातबाऱ्यावर नाव चढवावे, आणि मग तिने खुशीने परत दिले तर ती माफी. लुगडे, मिठाई आणि तयार कागद पुढे करून घेतलेला अंगठा ही पिठाची बाहुली आहे. समोरच्याला गुंतवायचे आणि हात घालायचा. जे रिंगण आखून आपण सुरक्षित बसलो असे वाटते, ते पावसात किती टिकणार?

मी कोणाला तो चित्रपट पाहा असे सांगत नाही. विचित्र आहे, गोंधळात टाकणारा आहे, आणि अर्ध्या गोष्टी मला अजूनही उमगलेल्या नाहीत. त्या म्हातारीच्या अंगातून झाड का उगवते, हे मुलाने दोनदा समजावले तरी माझ्या डोक्यात शिरले नाही. पण कधी कधी माणसाला आपले घर ओळखीच्या उजेडात दिसत नाही, परक्या अंधारात बसवावे लागते.

मुंब्र्याला पोचल्यावर मुलाने कपाटातली फाइल काढली. ती दोन हक्कसोडपत्रे त्याने फाडली. मी सांगितले नव्हते. मग कॉम्प्युटर सुरू करून म्हणाला, “अब्बा, वाटणीपत्रात फुफूंचं पूर्ण नाव काय लिहायचं?”

मला लगेच सांगता आले नाही. आयुष्यभर फुफूच म्हणत आलो. थोरल्या बहिणीला फोन लावला आणि तिला विचारून घेतले.